गाडी संथ चालताना इंजिन का तापते?
ट्रायल मोटारसायकलीवरून घेण्याचा धडा

आपल्या बांधवांपैकी पुष्कळ जण मोटारसायकल दुरुस्तीच्या हुनरावर घर चालवितात. पुणे-नगर (आता अहिल्यानगर) रस्त्याला जोडून असलेल्या शिक्रापूरसारख्या गावी तर या धंद्याला चांगला वाव आहे. एका बाजूला सणसवाडी, दुसऱ्या बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत, तिसरीकडून चाकणहून येणारा कंटेनरांचा रस्ता. संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटली की चाकण चौकात वाहने खोळंबतात आणि मोटारसायकलवाला तरुण पहिल्या गियरमध्ये, क्लच धरून, पावलापावलाने पुढे सरकतो. याच वेळी त्याच्या गाडीच्या काट्यावरचा तापमानाचा दिवा पेटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या दारात उभा असतो. "गाडी गरम होते, बघा जरा."

येथे आपण काय करतो, हा या लेखाचा विषय आहे.

अनेक गॅरेजमध्ये अशा वेळी अंदाजाने काम सुरू होते. आधी कूलंट बदलले जाते, मग थर्मोस्टॅट काढून फेकला जातो, तरीही गाडी तापली तर हेड खोलून नवे पॅकिंग टाकले जाते. ग्राहक तीन वेळा पैसे देतो आणि चौथ्या वेळी येत नाही. तो येत नाही एवढेच नव्हे, तर कंपनीतल्या दहा मित्रांना सांगतो. उघड नुकसान सुट्या भागांचे असले तरी खरे नुकसान नावाचे असते, आणि गावच्या बाजारात नाव गेले की ते परत मिळत नाही. शिवाय ग्राहकाची गाडी आपल्या दुकानात असते तोवर ती अमानत आहे. जे खोलण्याची गरज नव्हती ते खोलून त्याचे बिल लावणे हे त्या अमानतीला शोभत नाही, मग चूक अजाणता झालेली का असेना.

म्हणून हेड खोलण्याआधी उष्णता कोठे अडली आहे हे मोजून ठरवावे. हे शिकण्यासाठी ट्रायल नावाच्या मोटारसायकलीचे उदाहरण फार उपयोगी आहे.

ट्रायलची गाडी आपल्याकडे क्वचितच दिसते, म्हणून थोडी ओळख. हा वेगाचा खेळ नाही. दगड, ओढे, चिखल, झाडांची मुळे अशा अवघड टप्प्यांतून स्वाराने पाय जमिनीला न लावता गाडी न्यायची असते. पाय टेकला की दंडाचा गुण, गाडी अडली किंवा पडली की पाच. स्कॉटलंडमधील या खेळाची सहा दिवसांची प्रसिद्ध स्पर्धा १९०९ सालापासूनची आहे. स्पेनचा टोनी बौ २००७ पासून २०२४ पर्यंत दर वर्षी या खेळाचा जगज्जेता ठरला. गाडी साधारण सत्तर किलोची, आसन नसल्यासारखे, टाकी दोन-तीन लिटरची. बहुतेक गाड्यांना एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, त्याला पाण्याचे कूलिंग, आणि पुढे वहीएवढा रेडिएटर.

आता या गाडीची अडचण पाहा. ती माणसाच्या चालीने चालते, पण इंजिनावरचा भार डोंगर चढणाऱ्या गाडीइतका असतो. रस्त्यावरच्या गाडीला वेगामुळे वारा फुकट मिळतो. ट्रायलच्या गाडीला तो मिळतच नाही. रेडिएटरमागचा छोटा पंखा हाच तिचा सारा वारा. त्यामुळे कूलिंगमध्ये कोठेही थोडीशी कसर राहिली की ती गाडी पहिल्या पंधरा मिनिटांत वाफ सोडते. रस्त्यावरच्या गाडीत तोच दोष महामार्गावर दडून राहतो आणि चाकण चौकातल्या कोंडीत उघडा पडतो. म्हणजे चौकात अडकलेली केटीएम किंवा पल्सर ही त्या अर्ध्या तासापुरती ट्रायलचीच गाडी असते.

हा संबंध नुसता कल्पनेचा नाही. गॅसगॅस ही स्पेनमधील ट्रायल गाड्यांची जुनी कंपनी २०१९ मध्ये केटीएमच्या समूहाकडे आली, आणि केटीएममध्ये आपल्या बजाजने २००७ साली भाग घेतला. २०१२ पासून केटीएमची २०० ड्यूक आपल्या शेजारच्या चाकणच्या कारखान्यात बनून भारतात विकली जाऊ लागली. त्याच साली पल्सर २०० एनएस आली. तेव्हापासून पाण्याच्या कूलिंगची गाडी ही श्रीमंताघरची वस्तू न राहता पाळीवर जाणाऱ्या मुलाची गाडी झाली. आरएक्स १०० वर हात बसलेल्या आपल्या जुन्या उस्तादांना मात्र हे काम नव्याने शिकावे लागले, आणि पुष्कळांना ते कोणी नीट शिकविले नाही.

प्रथम हे ठरवावे की गाडी खरोखर तापते आहे का. कोंडीत पंखा सुरू झाला आणि पायाला गरम झळ लागली की ग्राहक घाबरतो. पण पंखा सुरू होणे हे व्यवस्था काम करीत असल्याचे लक्षण आहे. त्याचप्रमाणे बऱ्याच ट्रायल गाड्यांना जादा पाण्याची टाकी नसते. रेडिएटर काठोकाठ भरला तर फुगलेले पाणी पहिल्या फेरीत नळीवाटे बाहेर पडते आणि पुढे पातळी स्थिर होते. तो दोष नव्हे. तेव्हा ग्राहकाला चार प्रश्न नीट विचारावेत. दिवा पेटला की नुसती झळ लागली? कोंडीत की मोकळ्या रस्त्यावरही? पाणी कमी होते का, आणि किती दिवसांत? याआधी कोणी हात लावला होता का? हा शेवटचा प्रश्न विचारायला आपण संकोचतो, पण निम्मे निदान त्यातच असते. ज्या दिवशी पाणी बदलले त्या दिवसापासून तापू लागली असे उत्तर आले तर आत हवा अडकली असण्याचा संभव फार मोठा. पुढचे चाक उंच करून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून, इंजिन थंड असतानाच सावकाश पाणी भरावे. कित्येकदा काम येथेच संपते.

मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि कोंडीत गरम, असे उत्तर आले तर बोट पंख्याकडे आणि जाळीकडे जाते. उलट कोंडीत ठीक पण वेगात, चढावर, दोघे बसल्यावर गरम, असे असेल तर पाण्याचा प्रवाह किंवा इंधनाचे मिश्रण पाहावे. हा फरक ध्यानी घेतला तर निम्मी भटकंती वाचते.

आता मोजमाप. इंजिनाकडून रेडिएटरमध्ये येणारा एक होजपाइप असतो आणि रेडिएटरमधून पंपाकडे परत जाणारा दुसरा. या दोन्ही पाइपांच्या तोंडाशी किती उष्णता आहे हे कळले की दोष कोठे आहे ते समजते. हाताने पाहू नये. साठ अंशांच्या पुढे हाताला चटका बसतो, मग सत्तर काय आणि पंचाण्णव काय, हाताला सारखेच. लांबून तापमान दाखविणारे बंदुकीच्या आकाराचे मीटर आता सर्वत्र मिळते. एक खबरदारी घ्यावी. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते मीटर खरे तापमान दाखवीत नाही, बरेच कमी दाखविते. जेथे मोजायचे तेथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवावा आणि त्यावर नेम धरावा. रबरी पाइपावर टेपची गरज नाही, पण जाड रबर आतल्या पाण्यापेक्षा थोडे थंड असते हे लक्षात ठेवावे.

गाडी स्टँडवर सुरू ठेवून, इंजिन पूर्ण तापल्यावर दोन्ही ठिकाणी मोजावे. सर्व काही ठीक असेल तर येणारे पाणी आणि जाणारे पाणी यांत साधारण पाच ते दहा अंशांचा फरक दिसतो. दोन्ही पाइप खूप गरम आणि फरक जवळजवळ नाहीच, तर पाणी फिरते आहे, पण उष्णता बाहेर पडत नाही. दोष वाऱ्याच्या बाजूला आहे. येणारा पाइप फार गरम आणि जाणारा बराच थंड, तर पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळते आहे. दोष पंपात, आतून चोंदलेल्या नळ्यांत किंवा दुमडलेल्या पाइपात. इंजिन पेटलेले आणि दोन्ही पाइप कोमट, तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. थर्मोस्टॅट बंद अडकला आहे, हवा अडकली आहे, किंवा पाणीच नाही. एवढ्या मोजणीला दहा मिनिटे लागतात आणि एकही बोल्ट खोलावा लागत नाही.

वाऱ्याच्या बाजूचा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत स्वस्तात सुटतो, तरी तोच शेवटी पाहिला जातो. शेतातल्या कच्च्या वाटेने रोज जाणाऱ्या गाडीच्या जाळीत माती, गवताचे तूस आणि किडे इतके बसतात की पलीकडचा उजेड दिसत नाही. उजेड दिसतो का हीच परीक्षा. जाळीमागे टॉर्च धरून पाहावे. धुताना पाण्याचा झोत मागून पुढे, मंद मारावा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीची पाने वाकतात आणि वारा कायमचा बंद होतो. वाकलेली पाने बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलक्या हाताने सरळ करता येतात. काम कंटाळवाणे आहे, शागीर्दाला द्यावे, पण शेजारी बसून द्यावे.

पंख्याची परीक्षा तीन टप्प्यांत करावी. आधी त्याचा प्लग काढून बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ द्यावेत. फिरला नाही तर मोटर गेली. फिरला तर फ्यूज, रिले, वायर किंवा उष्णता ओळखणारा सेन्सर यांपैकी काहीतरी. ट्रायलच्या गाडीला बहुधा बॅटरी नसते आणि पंखा जनरेटरच्या विजेवर चालतो. तेथे पंखा फिरताना दिसतो, पण मंद गतीच्या इंजिनावर व्होल्ट कमी मिळत असल्याने आळसाने फिरतो. मल्टीमीटर पंख्याच्या तारांवरच लावून, पंखा चालू असताना वाचावे. पंखा तोडून घेतलेले व्होल्ट फसवे असतात, कारण गंजलेला जोड भार नसताना पूर्ण व्होल्ट दाखवितो आणि भार आला की कोसळतो.

तिसरा टप्पा बहुतेक जण विसरतात. पंखा कोणत्या दिशेने वारा नेतो? मागे बसविलेला पंखा पुढून हवा ओढून मागे टाकतो. साध्या डीसी मोटरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर तो उलटा फिरतो आणि हवा पुढे ढकलतो. उभ्या गाडीत त्याने थोडेफार भागते. गाडी चालू लागली की समोरून येणारा वारा आणि पंख्याचा वारा एकमेकांना अडवितात. कागदाचा तुकडा जाळीच्या पुढे धरावा. जाळीला चिकटला तर ठीक, उडाला तर तारा उलट आहेत. समजा, एखाद्याने अपघातानंतर पंखा बदलताना तारा जोडल्या आणि रंग पाहिले नाहीत. त्यानंतर कूलंट बदलून होईल, थर्मोस्टॅट बदलून होईल, हेडही खोलून होईल, आणि गाडी तापतच राहील. दोन तारांच्या अदलाबदलीसाठी त्या ग्राहकाचे पंधरा दिवसांचे उत्पन्न जाते.

आता रेडिएटरच्या टोपीबद्दल. हिला आपण झाकण समजतो, पण ती एक झडप आहे. घरातला कुकर आठवावा. वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरची टोपी हेच करते. तिच्यावर १.१ किंवा १०८ असा आकडा असतो, तो दाबाचा आकडा आहे. शिक्रापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांनाच उकळते. म्हणजे टोपीचे रबर फाटले किंवा स्प्रिंग मेली तर शंभरच्या आतच उकळी सुरू होते, आणि इंजिन निरोगी असूनही वाफ सोडते. रबरावर खोल खाचा पडल्या असतील तर टोपी बदलावी, आणि त्याच आकड्याची घ्यावी. जास्त आकड्याची टोपी लावली म्हणजे इलाज झाला असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे दोष झाकला जातो आणि पाइप किंवा पंपाचे सील फुटते.

टोपीत दुसरी एक छोटी झडप असते. इंजिन थंड होताना ती टाकीतले पाणी परत ओढते. टाकीकडे जाणारी बारीक नळी तडकली असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. टाकीकडे पाहून पाणी ठीक आहे असे कधीही म्हणू नये.

येथे एक इशारा जरूर आहे. गरम इंजिनाची टोपी कोणत्याही कारणाने उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. फडके टाकून हळूच उघडतो असे म्हणणाऱ्या कारागिरांचेही हात भाजतात. अर्धा-पाऊण तास थांबावे, ग्राहक कितीही घाईत असला तरी. तसेच तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. हेड वाकते, कधी तडकते, आणि मग आपण ज्या दोषाचा शोध घेत होतो त्यापेक्षा मोठा दोष आपल्याच हाताने निर्माण होतो.

पाणी कोणते घालावे यावर आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. बोअरचे पाणी जड असते. अंघोळीच्या बंबात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या केसासारख्या बारीक नळ्यांत बसतो. हा थर उष्णता अडवितो आणि वाटही अडवितो. तयार कूलंट, किंवा कूलंटचा अर्क आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी निम्मे-निम्मे, असे वापरावे. कूलंट गोठण्यासाठी असते आणि आपल्याकडे थंडी नाही, म्हणून नळाचे पाणी चालते, हा समज चुकीचा आहे. कूलंट उकळबिंदू वाढविते, गंज रोखते आणि पंपाच्या सीलला सांभाळते. जुने कूलंट गटारात किंवा उघड्या डब्यात ठेवू नये. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. मुले, कुत्री, शेळ्या त्याला तोंड लावतात.

थर्मोस्टॅटची परीक्षा चहाच्या पातेल्यात होते. तो दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून, थर्मामीटर घालून पाणी तापवावे. साधारण ८० ते ८५ अंशांच्या सुमारास तो उघडू लागतो, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. उघडला तर निर्दोष, परत बसवावा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत बंद केली पाहिजे. त्यामुळे इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त जाते, सिलिंडर झिजतो. बऱ्याच ट्रायल गाड्यांत तो मुळातच नसतो, त्यामुळे तेथे तो शोधत बसू नये.

पंप बाहेरून बोलतो. पंपाच्या घराखाली एक बारीक भोक असते. त्यातून पाणी ठिबकत असेल तर पाण्याचे सील गेले, ऑइल ठिबकत असेल तर ऑइल सील गेले. कंपनीने ते भोक इशाऱ्यासाठीच ठेवले आहे. ते एमसीलने बुजविलेले काही ठिकाणी दिसते. बुजविले की पाणी इंजिनात शिरते आणि ऑइल दुधाळ होते. ट्रायलच्या टू-स्ट्रोक गाड्यांतही गियर ऑइल चहात दूध घातल्यासारखे दिसले की प्रथम पंपाचे सील पाहावे, हेड नव्हे.

एवढे सर्व ठीक निघाले तरच हेडच्या पॅकिंगचा विचार करावा, आणि तोही पुराव्यानिशी. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करावी. पाणी तापायला काही मिनिटे लागतात, पण सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत असेल तर पाइप अर्ध्या मिनिटात दगडासारखा कडक होतो. पाणी अजून गार आणि पाइप कडक, हा मोठा पुरावा. टोपी थंड असतानाच काढून इंजिन सुरू केले तर बुडबुडे एकसारखे येत राहतात. अडकलेल्या हवेचे बुडबुडे थोड्या वेळाने थांबतात, गॅसचे थांबत नाहीत, आणि रेस दिली की वाढतात. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे हे तिसरे लक्षण.

पक्की खात्री कंप्रेसरने होते, आणि पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर त्यास पुरतो. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढावी आणि त्या लोखंडी खोळीवर ट्यूबचा व्हॉल्व्ह वेल्डिंगने बसवून घ्यावा. हे हत्यार घरचेच. पिस्टन अगदी वर आणावा. फोर-स्ट्रोक असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या ठिकाणी. गाडी गियरमध्ये टाकून मागचा ब्रेक घट्ट दाबून ठेवावा, किकपासून पाय दूर ठेवावा, कारण हवा पिस्टनला खाली ढकलते. मग तीस-चाळीस पौंड हवा सोडावी आणि कान लावावा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा हेड. कार्ब्युरेटरकडे फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडे आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा. आता हेड खोलण्याचा खर्च ग्राहकाला सांगताना आपल्याजवळ दाखविण्यासारखे काही आहे. त्याला बोलावून ते बुडबुडे त्याच्या डोळ्यांनी पाहू द्यावेत.

हेड खोलल्यावर नुसते पॅकिंग बदलून बंद करू नये. सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी शिरते का पाहावे. शिरली तर हेड वाकले आहे. जाड काचेवर बारीक एमरी पेपर पसरून, आठच्या आकड्यासारखे फिरवून, थोडा बाक काढता येतो. जास्त असेल तर लेथवाल्याकडे द्यावे. बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, टॉर्कच्या पान्याने आवळावेत. आरएक्सच्या काळी बिड्याचा सिलिंडर बोर करून मोठा पिस्टन टाकता येत असे. आजच्या बऱ्याच लिक्विड कूल इंजिनांच्या सिलिंडरला आतून कठीण थर दिलेला असतो, तो बोर होत नाही. एकदा पिस्टनने धरले की सिलिंडरच बदलावा लागतो. तापलेली गाडी तशीच दामटणाऱ्या ग्राहकाला हे आधीच समजावून सांगावे.

शेवटी उरतो तो प्रश्न उष्णता जास्त निर्माण होण्याचा. कूलिंग निर्दोष असूनही इंजिन जादा तापत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे का पाहावे. प्लगचे टोक पांढरेफटक असेल तर तो इशारा समजावा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील किंवा कार्ब्युरेटरजवळचे रबर हवा घेत असते. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तोच जेट आता कमी पडतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या बऱ्याच अंशी स्वतः जुळवून घेतात. याखेरीज काजळीने कोंदलेला सायलेन्सर, मागे पडलेले टायमिंग, घसरणारा क्लच आणि धरून राहिलेला ब्रेक. मागचे चाक स्टँडवर हाताने फिरवून पाहायला काहीच खर्च नाही, तरी ते कोणी करीत नाही.

ज्यांना विजेचे आणि वेल्डिंगचे काम पक्के नाही अशा तरुणांनी लाज बाळगू नये. आपल्याच शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि हाताने काम करीत शिकणे हीच तेथील पद्धत आहे. मल्टीमीटर वाचता न येणारा मेकॅनिक आणि तराजू न वाचणारा दुकानदार यांत फरक नाही.

दुरुस्ती झाल्यावर गाडी लगेच देऊ नये. वीस मिनिटे उभी ठेवून चालवावी. पंखा किती अंशांना लागला आणि किती वेळाने बंद झाला हे पाहावे. तो लागून बंद होत असेल आणि पुन्हा लागत असेल, तर उष्णता बाहेर पडते आहे. तो एकदा लागून बंदच होत नसेल, तर काम अपुरे आहे. मग गर्दीच्या वेळी चौकातून एक फेरी मारावी. रात्रभर गाडी ठेवून घेता आली तर सकाळी थंड इंजिनाची टोपी उघडून पातळी पाहावी, अर्धा कप कमी झाली असेल तर भरून पुन्हा एक दिवस थांबावे. दोन्ही पाइपांची तापमाने, पंखा लागण्याचा आकडा, टोपीचा आकडा आणि तारीख ग्राहकाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवावी. सहा महिन्यांनी तो पुन्हा आला तर त्याच ठिकाणी मोजून जुन्या आकड्यांशी ताडून पाहता येते.